वेस्टाचा अग्नी

१९९६च्या जून महिन्यात राजस्थानातल्या पिपलिया कलान गावी आकाशातून पाषाण उतरला. बाहेरून वितळून काळी झालेली पातळ साल, आत एकेकाळी लाव्हा असलेला खडक. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचा तो भाऊबंदच, पण इथल्या मातीतला नव्हे. मंगळ आणि गुरू यांच्यामधून फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहाच्या कवचाचा तो तुकडा मानला जातो.

हा वेस्टा माणसाला गवसला २९ मार्च १८०७ रोजी. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हाइनरिश ओल्बर्स नावाचे वैद्य होते. दिवसा रोगी पाहायचे, रात्री घराच्या माडीवरून आकाश. नाव सुचवले गणिती गाउस यांनी, रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचे.

व्यास अवघा सव्वापाचशे किलोमीटर. तरी हा पिंड आतून वितळला. लोह गाभ्याशी बसले, लाव्हा पृष्ठावर आला. एवढ्या लहानग्याला इतका ताप दिला कोणी? अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी पिपलिया कलानच्या त्याच दगडातले स्फटिक तपासले. १९९९मध्ये त्यांनी सांगितले, की त्यांत मॅग्नेशियम-२६ जास्तीचे आहे. किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम-२६ क्षय पावताना उष्णता देते आणि मागे ठेवते, तेच हे. त्या अ‍ॅल्युमिनियमचे अर्धायुष्य जेमतेम सात लाख वर्षांचे. म्हणजे सूर्यमाला अगदी कोवळी असताना, तो निखारा पुरता विझण्याआधीच, हा लाव्हा थिजला होता. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या धगीची खूण मारवाडच्या भूमीवर यावी आणि ती वाचणारी माणसेही याच देशात असावीत, या योगापुढे माझे हात आपोआप जुळतात.

२०११च्या जुलैत ‘डॉन’ यान वेस्टाच्या कक्षेत शिरले आणि वर्षभराहून अधिक काळ त्याला न्याहाळत राहिले. दक्षिण ध्रुवावर रियासिल्व्हिया हे विवर दिसले: रुंदी सुमारे पाचशे किलोमीटर, जवळजवळ वेस्टाएवढीच, मधोमध वीस किलोमीटरहून उंच शिखर, एव्हरेस्टच्या दुपटीपेक्षा मोठे. सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीच्या त्या आघाताने विषुववृत्तापाशी लांबच लांब चर पडले, असंख्य शिळा अंतराळात उधळल्या. पृथ्वीवर येणाऱ्या वेस्टाच्या दगडांचा उगम बहुधा तिथेच.

वेस्टा साडेपाच तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला बराच भाग परतवतो. पृथ्वीवरून एरवी त्याच्याइतका उजळ दिसणारा दुसरा लघुग्रह नाही. सोळा-सतरा महिन्यांनी तो आपल्या आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो. त्या दिवसांत, शहराच्या दिव्यांपासून दूर, साधी द्विनेत्री घेऊन त्याचे दर्शन जरूर घ्यावे. तो फार जवळ आलेल्या वर्षी तर नुसत्या डोळ्यांनीही.