झिजलेल्या तबकडीचं मोल

‘जुनं ते सोनं’ ही म्हण ग्रामोफोनच्या तबकड्यांना लावायला निघालात, तर थोडं थांबा!

मिरजेच्या घराची वाटणी झाली, तेव्हा दागिने दोन्ही दिरांकडे गेले आणि सासूबाई व सासऱ्यांची तबकड्यांची पेटी आमच्याबरोबर होसकोट्याला आली. बंगळूरजवळचं हे गाव एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. नोकरीमुळे आम्ही इथलेच झालो आहोत. महिनाभरातच पुतण्याचा फोन आला, ‘‘काकू, अशा रेकॉर्ड लाखाला जातात म्हणे. मग वाटण्या सारख्या कशा झाल्या?’’ दिरांचेही फोन कमी झाले. सासूबाई जेवेनाशा झाल्या.

शेवटी बंगळूरच्या एका जाणत्या संग्राहकांना घरी बोलावलं. ते म्हणाले, ‘‘किंमत वयाला नसते, दुर्मीळपणाला असते.’’ १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं. त्या सुरुवातीच्या काळातल्या एकाच बाजूला गाणं असलेल्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून तयार होऊन येत. त्या फार थोड्या उरल्या, म्हणून त्यांना मागणी. उलट बालगंधर्वांच्या गाजलेल्या तबकड्या घरोघरी होत्या. जे सगळ्यांना आवडलं ते भरपूर उरलं, म्हणून स्वस्त!

दुसरी गोष्ट तबकडीच्या अवस्थेची. ती लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची बनलेली. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, पण काटकसरीच्या घरात एकच सुई दहा वेळा चाले आणि खाचा झिजत. तडा गेला, तर भाव संपलाच. त्यांनी आम्हाला एक ताकीदही दिली : स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. मऊ, कोरडं कापड फिरवा आणि तबकड्या उभ्या ठेवा.

आमच्या पेटीत सर्वांत झिजलेली तबकडी होती मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची. तिला गिऱ्हाईक नव्हतं. लहानपणी हीच ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला आणि अकराव्या वर्षी ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. बाजारात मात्र आमच्या तबकडीचं मोल शून्य! संग्राहकांनी घेतली ती आम्हाला कुणालाच माहीत नसलेल्या एका गायिकेची, फारशी न वाजलेली तबकडी. तिचे पैसे एका बांगडीइतकेही झाले नाहीत.

सासूबाईंनी त्यांचे तीन सारखे भाग करायला लावले. आकडा ऐकून पुतण्या ओशाळला. म्हणाला, ‘‘काकू, आजोबांच्या त्या ठुमरीची नक्कल मिळेल का?’’

संग्राहकांनी जाड सुई लावून ती संगणकावर उतरवून दिली. ‘‘खरखर काढून टाकू का?’’ त्यांनी विचारलं.

सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘‘नको. रोज रात्री हे ऐकत बसायचे, त्यानंच झिजली आहे ती. राहू दे तशीच.’’

आता तिन्ही घरांत ती ठुमरी खरखरीसकट वाजते.