सांडोर ते कूपरेज

वसईजवळच्या आमच्या सांडोरमध्ये शाळा सुटली रे सुटली की मुलं फुटबॉलमागे धावतात. "बाई, फुटबॉल खेळून पोट भरतं का हो?" एका मुलाच्या आईने मला विचारलं. उत्तर शोधायला चला माझ्याबरोबर!

वसई रोडला चर्चगेटची लोकल पकडायची. उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलं की आलं कूपरेज. इथे रोव्हर्स कपचे सामने रंगत. १८९१ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा गोऱ्या पलटणीच कप नेत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा भारतीय क्लब जिंकला! पुढे १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं कप कुणी नेला, ठाऊक आहे? हैदराबाद सिटी पोलिसांनी! नोकरी पोलिसाची, वेड फुटबॉलचं. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर, माझ्यासारखेच! त्यांनीच घडवलेल्या भारतीय संघाने १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.

रोव्हर्स कप आता होत नाही. पण त्या आईला मी म्हटलं, "ताई, त्यांचंही पोट नोकरीनेच भरत होतं. तरी ते खेळले. मुलाला अभ्यासाला बसवा, पण संध्याकाळी मैदानावरही सोडा." दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर!