बत्तीस भिडू, एक प्रोसेसर

मंडळी, आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. ‘एकोणसत्तर’ म्हणजे सिक्स्टी नाइन की फिफ्टी नाइन, हे मला आजही मनातल्या मनात पाढा म्हणून ठरवावं लागतं. तरीही ‘टेक्निकल काहीतरी दे, पण सगळ्यांना कळेल असं’ म्हणत मराठी विभागाने हा लेख माझ्याकडून काढून घेतलाच. तेव्हा शुद्धलेखनाच्या तक्रारी त्यांच्याकडे, प्रोसेसरच्या माझ्याकडे!

विषय हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा आहे: मेंढीकोट. ज्यांना हा खेळ येत नाही (स्टाफमध्ये असे दोन-तीन जण असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात: चार भिडू, समोरासमोरचे पार्टनर, प्रत्येकी तेरा पानं. चार दश्श्यांपैकी जास्तीत जास्त आपल्याकडे ओढायच्या. चारही आल्या की मेंढीकोट, आणि समोरच्यांना आठवडाभर तोंड दाखवायची सोय नाही.

आम्हा चौघांच्या मिनी प्रोजेक्टमध्ये हा खेळ खेळणारा बॉट लिहायचा ठरला. पुढे फायनल इयरलाही तोच वाढवायचा. बॉटला बाकीच्यांची पानं दिसत नाहीत. मग तो काय करतो, तर उरलेली पानं मनाशी शेकडो प्रकारे वाटून बघतो, प्रत्येक वाटपात डाव शेवटपर्यंत खेळून पाहतो, आणि ज्या पानाने सरासरी सगळ्यांत बरं निघतं ते टाकतो. आपण ‘एक्का याच्याकडे असेल बहुतेक’ म्हणतो ना, तेच. फक्त एका पानासाठी काही हजार वेळा. म्हणजे प्रोसेसरला घाम फुटणार हे आलंच.

पण खरी मेख पुढे आहे. नवा बॉट जुन्यापेक्षा हुशार झाला, हे कळणार कसं? पत्त्यात नशीब असतं. शंभर डावांत नव्याने ५४ जिंकले तर लगेच पेढे वाटू नयेत, कारण शंभर डावांत नुसत्या नशिबाने पाच टक्के इकडेतिकडे सहज होतं. हा फरक डावांच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. डाव चौपट करा, तेव्हा चूक निम्मी होते. अर्धा टक्का गाठायला दहा हजार डाव लागतात. म्हणजे एका छोट्या सुधारणेची परीक्षा घ्यायला दहा हजार डाव, आणि असल्या सुधारणा रोज दोन-तीन सुचतात. बुद्धिबळाच्या ‘स्टॉकफिश’ या प्रोग्रॅमचीही हीच गोष्ट. त्यातला प्रत्येक बदल २०१३ पासून जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून तपासला जातो, आणि मगच आत घेतला जातो. आमच्याकडे स्वयंसेवक चार, आणि चौघांचे लॅपटॉप हातात धरले तर पोळतात.

प्रोसेसरच्या मागे लागण्याआधी एक फुकटची गोष्ट केली. ब्रिज खेळणारे करतात तशी: तीच पानं दोनदा वाटायची, दुसऱ्यांदा जोड्यांच्या जागा बदलून. वाईट पानं दोघांच्याही वाट्याला येतात आणि नशीब बरंचसं कटतं. एवढ्याने कमी डावांत निकाल लागू लागला. ज्यांना कुठलाही प्रोसेसर घ्यायचाय त्यांना माझा पहिला सल्ला हाच: आधी काम कमी करता येतंय का ते बघा.

आता प्रश्न असा, की एका टेबलावर चार बॉट, म्हणजे चार कोअर लागतील का? आमच्यातल्या एकाने तसाच हिशेब मांडून थेट सर्व्हरच्या गोष्टी सुरू केल्या होत्या. पण पत्ते पाळीपाळीने टाकतात! एक विचार करतो तेव्हा बाकीचे तिघं नुसते बसलेले. म्हणजे टेबलामागे एक कोअर पुरतो. आठ कोअर असले की आठ टेबलं, बत्तीस भिडू. मेमरीही आमच्या बॉटला नगण्य लागते, कारण त्याला चित्र दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही.

लॅबच्या चार कोअर, आठ थ्रेडच्या मशीनवर करून बघितलं. एक टेबल, दोन, चार... चारपर्यंत काम जवळजवळ चौपट झालं. आठ टेबलं लावल्यावर मात्र आठपट नाही, पाचपटीच्या आसपासच. हे का, ते विरारकरांना समजवायला लागू नये. तिघांच्या बाकावर चौथी सीट! थ्रेड म्हणजे चौथी सीट. माणूस बसतो, प्रवास होतो, पण बाक लांब होत नाही. जाहिरातीत ‘सोळा थ्रेड’ वाचून सोळा बाक आहेत असं समजू नका. आणि कोअर म्हणजे डबे. २००९ मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल आली. ती बारा डब्यांवालीपेक्षा लवकर पोचत नाही, पण माणसं जास्त नेते. एक गेम खेळणाऱ्याला वेग हवा असतो. आम्हाला डबे हवे होते.

डबे वाढवून काम काढायची युक्ती आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे बरं का. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला ‘क्रे’ महासंगणक द्यायला नकार दिला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्यात एकच एक महाबली प्रोसेसर नव्हता, ट्रान्सप्युटर नावाचे बरेच साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून कामाला लावले होते. आमचं प्रकरण त्यापुढे किरकोळ, पण जात तीच.

मग एका शनिवारी विरार फास्ट, दादरला उतरून स्लो, आणि ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोड! (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवालासुद्धा लॅमिंग्टनच म्हणेल.) पेन ड्राइव्हमध्ये आमचा प्रोग्रॅम होता. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राला देत होता. तिसऱ्या उत्तरानंतर मित्राने सरळ सांगितलं, ‘मला काय सांगताय, मॅडमना सांगा, मी सामान उचलायला आलोय.’ त्यानंतर दहा-दहा मिनिटं प्रोग्रॅम चालवून बघायची परवानगी मिळाली.

उमेदवार तीन उरले. पहिला रायझन ५ ५६००, २०२२ चा, सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. (इंटेलचा आय५ १२४००एफ याच तोडीचा. तोही सहा-बारा. आमच्या कामापुरता दोघांत निवडण्यासारखं काही नव्हतं.) दुसरा त्याचाच मोठा भाऊ रायझन ७ ५७००एक्स, आठ कोअर आणि तरीही ६५ वॅट. आणि तिसरा, सगळ्यांचा जीव ज्याच्यावर जडला तो, झिऑन ई५-२६८० व्ही४. २०१६ चा, सर्व्हरमधून निवृत्त होऊन सेकंडहँड बाजारात आलेला. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, १२० वॅट!

चौदा ऐकून आमचे डोळे चमकले. पण चौदा टेबलं लावून मोजलं, तर सहा कोअरच्या नव्या रायझनइतकंच काम, थोडं इकडेतिकडे. जुना कोअर आणि नवा कोअर हा एक माप नव्हे. आठ कोअरवाल्याचंही तसंच. आठही एकदम राबायला लागले की ६५ वॅटच्या मर्यादेत वेग जरा खाली येतो, म्हणून आम्ही त्याला आठ नाही, साडेसात टेबलं धरली.

आता भाव. बाजार रोज बदलतो. २०२५ च्या शेवटी तर रॅमच असा भडकला की दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी देईनात. म्हणून आकडे गोल करून देते, रीत लक्षात ठेवा. प्रोसेसर सोडून बाकी सगळं (बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, डबा) १८,००० धरा. सहा कोअरचा ११,००० आणि आठचा १५,००० धरा. नुसत्या चिपचा भाव काढला तर सहावाला टेबलामागे १,८३३ आणि आठवाला साडेसातने भागून २,०००. सहावाला स्वस्त! पण चिप हवेत चालत नाही. अख्ख्या मशीनचा भाव काढा. सहावाला २९,००० भागिले सहा, म्हणजे ४,८३३. आठवाला ३३,००० भागिले साडेसात, म्हणजे ४,४००. बाकीचा खर्च तसाही होणारच, तो जास्त टेबलांवर वाटला गेला. आणि झिऑनचं सगळं जमवून २२,०००. टेबलामागे ३,६६७. झिऑन जिंकला.

आमच्यातला एक एज्युकेशन लोनवर शिकतोय. त्याचं म्हणणं, रात्री याच मशीनवर मोबाइल गेमची आठ-दहा अकाउंट बॉटने चालवू, पॉइंट विकू, हप्ते निघतील. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, म्हणून हिशेबही चेष्टेवारी केला नाही. तिथे प्रत्येक बॉटला आख्खा फोन एम्युलेट करावा लागतो. एकाला दोन कोअर आणि चार जीबी धरले तर आठ कोअरवर चारच. आणि गेम कंपनीला पत्ता लागला की सगळी अकाउंट एका दिवसात बंद, म्हणजे भागाकारात वरचा आकडा तसाच आणि खाली शून्य. शून्याने भागता येत नाही हे त्यानेच म्हटलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. हप्त्याचा प्रश्न तसाच राहिला. सध्या तो दहावीच्या शिकवण्या घेतो.

आता मशीन ठेवायचं कुठे? हॉस्टेलमध्ये रात्रभर चालू ठेवायला मनाई. राहिलं आगाशीच्या मैत्रिणीचं घर. तिच्या बाबांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. चौघांची मिळून ३०,००० ची वर्गणी, त्यातले साडेसात हजार काकांचे. पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या फुलांचे ते पैसे. त्यामुळे काकांनी आम्हाला ओटीवर बसवलं आणि म्हणाले, ‘पोरी, आता नीट सांग.’

मी सांगितलं. बॉट, टेबलं, सगळं. चौघांत एकच विचार करतो हे त्यांना फार पटलं. ‘आमच्या नाक्यावर पण तसंच आहे,’ म्हणाले. मग झिऑनचा विजय सांगितला. काकांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, ‘हे वॅट काय आहेत? एकाचे एकशे वीस, एकाचे पासष्ट. रात्रंदिवस चालणार ना?’

‘हो, काका.’

‘मग पंचावन्न वॅट जास्त. चोवीस तासांचं सव्वा युनिटच्या वर गेलं. महिन्याला चाळीस धर. दहा रुपये युनिट धर. चारशे. किती महिने चालवणार?’

‘फायनल इयरच्या एप्रिलपर्यंत. पंधरा.’

‘सहा हजार.’

मी मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडत होते. तो उघडेपर्यंत काकांचं उत्तर आलं होतं! प्रोसेसरवर लिहिलेले वॅट म्हणजे मीटरवरचे वॅट नव्हेत, हे मी सांगितलं. ते म्हणाले, ‘पंपाचं पण तसंच असतं. पण मोठा पंप जास्तच खातो ना?’ खातो. २२,००० मध्ये ६,००० मिळवून सहाने भागलं: ४,६६७. आठ कोअरवाला ४,४०० वर शांत बसला होता, वर तीन वर्षांची वॉरंटी घेऊन. झिऑनच्या बोर्डाची वॉरंटी दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत.

तीन हजार कमी पडत होते. काका म्हणाले, ‘ते तुम्ही चौघं घाला. वीज माझी.’ प्रत्येकी साडेसातशे. मेसबाहेरचं खाणं दीड महिना बंद झालं, ही त्याची खरी किंमत.

मशीन आता आगाशीच्या ओटीवर आहे. पावसात वीज जाते, म्हणून प्रत्येक डाव संपला की निकाल डिस्कवर लिहिला जातो. वीज आली की खेळ तिथूनच पुढे. परवा दहा हजारांची फेरी संपली. नव्या बॉटने ५२ टक्के डाव जिंकले, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या चौपट फरक. यावेळी पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला आणि त्याच बॉटच्या समोर बसून ओळीने तीन डाव घेतले. तीन डावांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना वर्गमुळासकट समजावलं. ते हसले आणि चौथा वाटायला सांगितला.

ज्यांनी स्वतःचा मेंढीकोट बॉट लिहिलाय त्यांनी तो गॅदरिंगच्या आधी माझ्याकडे द्यावा. एक टेबल रिकामं ठेवलंय.