'ळ'चं बक्षीस

परवा माळ्यावरची ट्रंक आवरायला काढली. (ही ट्रंक दर दिवाळीला आवरायची ठरते आणि दर दिवाळीला राहते, हे घरातले सगळे जाणतात!) तळाशी एक फ्रेम निघाली. १९८६ सालच्या आंतरशालेय बालनाट्य स्पर्धेचं प्रमाणपत्र. 'वाचिक अभिनय, उत्तेजनार्थ'. खरं तर हे त्या मुलाच्या घरी असायला हवं. पण मी हौसेने शाळेत लावलं होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी शिपायाने माझ्याच सामानात बांधून दिलं.

तेव्हा मी साक्री तालुक्यातल्या एका शाळेत होतो. मराठीचा मास्तर म्हणजे नाटक तोच बसवणार, असा अलिखित नियम. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' सुरू केलं, पुढे रत्नाकर मतकरींची बालनाट्यं आली. पण राजे, पऱ्या, चेटकिणींना लागणारा कपडेपट आमच्याकडे कुठला? म्हणून मीच एक छोटी संहिता लिहिली. आटलेली विहीर आणि ती खणणारा म्हातारा. गोणपाटाला गेरू फासला की विहिरीचा कठडा तयार.

म्हाताऱ्याच्या कामासाठी आठवीतला एक मुलगा घेतला. आईवडील दोघंही शेतमजूर, घरी अहिराणी. पहिल्या वाचनाला त्याने विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "या हेरना डोयामा पानी व्हतं, पोरा." माझ्या संहितेतलं वाक्य होतं, 'या विहिरीच्या डोळ्यात पाणी होतं, बाळा.' वर्गात क्षणभर कोणी हललं नाही. मीसुद्धा. आणि मग मी म्हणालो, "अरे, डोया नाही, डोळा! पानी नाही, पाणी!"

झालं. पुढचा सव्वा महिना मी त्याच्याकडून 'ळ' आणि 'ण' घोटून घेतले. कमळ, बाळ, काळ, फळ. शाळा सुटल्यावर अर्धा तास वेगळा. परीक्षक जळगावचे, शहरातले. उच्चाराला गुण कापतील ही धास्ती. गंमत बघा, त्याच आठवड्यात मी नववीला बहिणाबाईंची कविता शिकवत होतो. त्यांच्या लेवा बोलीतही 'ळ'चा 'य' होतो. बहिणाबाई गेल्या १९५१ साली, गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ही माहिती फळ्यावर लिहून मी मुलांना सांगत होतो की बघा, बोलीत केवढी ताकद असते! तास संपला की मधल्या सुट्टीत याच्या मागे, "ळ म्हण, ळ."

स्पर्धेच्या दिवशी एसटीच्या टपावर कठडा बांधून धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला पोचलो. नटराजपूजन, नारळ, तिसरी घंटा. पोरगं उभं राहिलं. एकही 'ळ' चुकला नाही हो! विंगेत मी प्रत्येक शब्दाला मान हलवत होतो. पण विहिरीत वाकायची वेळ आली तेव्हा त्याने विहिरीत पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. 'बरोबर म्हटलं ना सर?' असं. वाक्य स्वच्छ आलं आणि प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं.

नाटकाला काही मिळालं नाही, त्याला हे उत्तेजनार्थ. निकालानंतर एक परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, उच्चार छान बसवलेत. पण म्हातारा काही दिसला नाही." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

परतीच्या एसटीत अंधार पडला होता. मागच्या बाकावर पोरांनी नाटक पुन्हा सुरू केलं, चेष्टेत. हा उठला, सीटच्या दांड्याला धरून वाकला आणि सगळं अहिराणीत म्हणू लागला. आधी पोरं हसली. मग शेजारची बाई तोंडाला पदर लावून ऐकायला लागली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी लगेच सुधारलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुढची आठ वर्षं मी प्रमाण भाषेतच नाटकं बसवली. गुणांची भीती जात नाही. १९९५ साली पहिल्यांदा एक आख्खं पात्र अहिराणीत बोलू दिलं. बक्षीस तेव्हाही नव्हतं, पण पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन ती वाक्यं म्हणून दाखवत होते.

गेल्या वर्षी धुळ्याला एका लग्नात तो भेटला. आता बँकेत मोठा साहेब आहे. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमच्या त्या 'ळ'मुळे मुलाखतीत कधी अडखळलो नाही." यावर मी काय बोलणार? माझा अपराध मी मनात धरून बसलेलो, आणि हा त्याबद्दल आभार मानतोय! दोन्ही खरंच असणार.

मग मी त्याला म्हटलं, ते विहिरीचं वाक्य एकदा म्हण रे, तुझ्या भाषेत. त्याने डोळे मिटले. थोडा वेळ गेला. मग हसून म्हणाला, "या विहिरीच्या डोळ्यात... नाही हो सर. आता नाही येत. आई गेल्यापासून बोलणंच होत नाही." शेजारी त्याची मुलगी उभी होती, इंग्रजी शाळेतली. तिने विचारलं, "बाबा, कुठलं वाक्य?"

मग मीच म्हणून दाखवलं, मला जमलं तसं. ती हसली. तो मात्र हसला नाही.

असो. फ्रेमची काच पुसून ठेवली आहे. पुढच्या खेपेला धुळ्याला गेलो की ज्याची त्याला देऊन येईन.