शिकवणारीचा रोज

जळगावच्या फुले मार्केटात माझं कापडाचं दुकान आहे. आमच्याकडे कुठलीही गोष्ट आली की पहिला प्रश्न भावाचा. अकरावीतली लेक दिवाळीच्या सुट्टीत एका संस्थेमार्फत बंजारा भरतकाम शिकायला तांड्यावर इंटर्नशिप करते म्हणाली, तेव्हाही मी तेच विचारलं, "तुला देणार किती?" काहीच नाही, म्हणाली. धुळ्याची माझी बहीण तिच्या बाजूनं. फॅशन डिझाइनला जायचं तर हाताला काम ठाऊक हवं, असं तिचं म्हणणं. मला ते पटेना. फुकट राबवून घेण्याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात, असं माझं ठाम मत होतं. आणि भरतकामच बघायचं तर सुरतेला जावं. तिथले मशीनवर भरलेले घागरे मी नवरात्रात 'बंजारा वर्क' म्हणून विकतोच की.

तरी ती चाळीसगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर, तिथल्या एका बाईंकडे शिकायला गेली. तिला आणायला गेलो की मीही तासभर ओसरीवर टेकायचो. आरसा कापडावर चिकटवतात असंच मी धरून चाललो होतो. तसं नसतं. आधी आरशावरून आडवे-उभे दोरे ताणून चौकट करायची, मग ती चौकट पकडत कडेनं काजाचा टाका घालत जायचं. चौकट सैल राहिली तर आरसा निसटतो, जास्त ओढली तर कापड चुण्या धरतं. कापडावर छापा नाही की पेन्सिलीची रेघ नाही. कांचळीची म्हणजे चोळीची बाही असो की फेटियाचा म्हणजे घागऱ्याचा काठ, नक्षी बाईच्या नजरेत. लेकीनं वहीत आखून नेलेलं डिझाइन बाईंनी बाजूला ठेवलं आणि तिला नुसता साखळी टाका घालत बसवलं. तोही उसवायला लावला, ते वेगळं.

त्या दिवसांत शेतात कापूस फुटलेला होता. तांड्यातल्या बाया वेचणीला जात होत्या, काही घरं ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. ही बाई मात्र वेचणीचा रोज बुडवून माझ्या पोरीला शिकवत होती. शेवटी लेकीला संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, बाईंना शाल आणि नारळ. शालीची किंमत मला बघताक्षणी कळते. एका दिवसाच्या मजुरीइतकीही नव्हती.

माझं मत फिरलं ते तिथं. हातकामाला मोल नाही, असं ऐकलं की पूर्वी मला ते भावनेचं बोलणं वाटे. आता त्यातला हिशेब दिसतो. रोजाप्रमाणे मजुरी धरली तर हातानं भरलेला घागरा माझं गिऱ्हाईक घेणार नाही. सुरतेचा माल मी विकतो आणि विकत राहणार. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. स्वस्त माल जिंकतोच. आमच्याच फैजपूरच्या छापील कापडाची आणि लाल-निळ्या रंगाईची कीर्ती ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरात नोंदलेली आहे. पण 1869 च्या सुमारास मुळांतून निघणारा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, 1897 मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि मुळं-पाल्यापासून रंग काढणाऱ्याला जगभर त्या भावात टिकता येईना. आज फैजपूर म्हटलं की लोकांना केळी आठवतात, नाहीतर 1936 चं काँग्रेस अधिवेशन.

म्हणजे वस्तू विकून या बाईचं भागणार नसेल, तर तिच्याकडे विकण्यासारखं उरतं ते शिकवणं. आणि नेमकं तेच आपण फुकट नेतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, कारागिरांकडे शिकावं असं लिहिलं आहे. कल्पना चांगली आहे. पण डिझाइन कॉलेजची फी लाखांत भरणारे आम्ही पालक टाका शिकवणारीच्या फीचं नावही काढत नाही.

तेव्हा मुलांना अशा इंटर्नशिपला पाठवत असाल तर संस्थेला स्टायपेंड नंतर विचारा. शिकवणाऱ्या बाईला दिवसाचा रोज किती देता, ते आधी विचारा. आणि तो वेचणीपेक्षा कमी असेल, तर फरक आपल्या खिशातून द्या.