कोएते की मिसिल?

धामणगाव रेल्वेहून वर्ध्याकडे निघालेली गाडी वर्धा नदी ओलांडते आणि पुलगाव येते. इथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली, तेव्हा मराठी वार्ताहराचे काम 'दारूगोळा' या एका शब्दात भागले. तीच बातमी स्पॅनिशमध्ये नेणाऱ्यापुढे मात्र तीन शब्द उभे राहतात. 'आर्सेनाल' सहज सुचतो. पण स्पेनमध्ये त्याचा पहिला अर्थ जहाजे बांधण्या-दुरुस्त करण्याची गोदी. वर्धेकाठी गोदी कुठली? 'पोल्वोरीन' म्हणजे दारूचे कोठार. मात्र कधीही भडका उडेल अशा प्रदेशालाही तोच शब्द लावतात. म्हणून 'देपोसितो दे मुनिसिओनेस' बरा.

खरी कसोटी लागते ती पिनाका या रॉकेट-यंत्रणेशी. पुण्याच्या 'एआरडीई' या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेली ही यंत्रणा १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली. तिच्यातून सुटते ते 'कोएते'. दिवाळीत अंगणातून उडते तेही कोएते आणि चांद्रयान घेऊन गेले तेही कोएतेच. 'मिसिल' म्हणायचे तर सुटल्यानंतर मार्गदर्शन हवे; म्हणून ब्राह्मोस मिसिल ठरते. पुढे पिनाकालाही मार्गदर्शन मिळाले, पण नाव बदलले नाही: आता ते 'कोएते गिआदो', म्हणजे मार्गदर्शित रॉकेट.

हुद्द्यांत तर शब्दकोशच फसवतो. मराठीत लष्करातलाही कॅप्टन आणि नौदलातलाही कॅप्टन. स्पॅनिशमध्ये पहिला 'कापितान', तर त्याच्यापेक्षा कितीतरी वरचा दुसरा 'कापितान दे नाविओ'. मेजरला स्पेनच्या सैन्यात 'कोमान्दांते' म्हणतात, मेक्सिकोत 'मायोर'. वाचक कोणत्या देशाचा, हे ठाऊक नसेल तर बढती किंवा पदावनती भाषांतरकाराच्या हातून होते.

अंतराळात गेल्यावरही सुटका नाही. १९८४ मध्ये सोव्हिएत यानातून गेलेले राकेश शर्मा 'कोस्मोनाउता'. २०२५ मध्ये अमेरिकी यानातून गेलेले शुभांशु शुक्ला 'आस्त्रोनाउता'. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयानाचा लँडर विक्रम चंद्रावर उतरला, त्याला 'आलुनिसाहे' म्हणतात. साध्या उतरण्याच्या 'आतेरिसाहे'त 'तिएर्रा' म्हणजे जमीन असल्याने चंद्रासाठी वेगळा शब्द घडला. गंमत अशी की खुद्द लँडरला मात्र सर्रास 'मोदुलो दे आतेरिसाहे'च म्हणतात.

ही उठाठेव आता निव्वळ हौसेची राहिलेली नाही. भारताने २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार केला. त्यांतली १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून यायची आणि ४० वडोदऱ्यात बनायची, असे ठरले. पहिले विमान सप्टेंबर २०२३ मध्ये सेव्हिलला भारतीय हवाई दलाच्या ताब्यात आले. स्पेनच्या हवाई दलाच्या नावात २०२२ पासून 'अंतराळ'ही आहे. वऱ्हाडात बसून स्पॅनिश शिकणाऱ्या मुलामुलींनी स्पेन आणि मेक्सिकोच्या हुद्द्यांची यादी शेजारी शेजारी लिहून ठेवावी आणि प्रत्येक शस्त्रापुढे ते काय करते, हेही नोंदवावे.