जेवणाची सुटी

सोयाबीन विकून झालं, तूर अजून शेतात उभी, कापसाची वेचणी चालू. अशा मधल्या दिवसांत आमच्या वऱ्हाडात मांडव उभे राहतात. कुठे भागवत सप्ताह, कुठे लग्न, आणि एखाद्या मांडवात ख्रिस्ती पाळकांची परिषद. लांबून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही. तेच रंगीत कापड, तेच भोंगे, भाड्याच्या त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या अंगाला चुलाणावर चढलेले तेच मोठे गंज. पण हे श्रोते वेगळे. इथे बसलेला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या गावात बोलणारा माणूस, आणि इथे त्याला गप्प बसायचं असतं.

आसेगावच्या बाजूच्या खेड्यांमध्ये उपासना चालवणारे एक पाळक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासोबत वाशिमला अशाच एका परिषदेला गेलो. एस.टी.त खिडकीशी बसल्या बसल्या मी विचारलं, “पास्टरसाहेब, तुम्हाले तर सगळं शास्त्र पाठ. मंग कायले जाता?” ते हसले. “अरे बाबू, वर्षभर मी बोलतो अन् लोक आयकतात. मले कोन सांगते? तीन दिवस आयकून घेतो.”

हे वाक्य परिषदेतल्या बऱ्याच संदेशांपेक्षा मला खोल वाटलं. पाळकाच्या आठवड्यात रविवार एकच असतो. बाकीचे दिवस मोटारसायकलवर जातात. कुणाचं पोर तापलं, प्रार्थनेला चला. कुणाच्या सासू-सुनेचं बिनसलं, तुम्ही बोला. कुणी गेलं, तर दफनाला जागा कुठली, हा प्रश्न कधी कधी दुःखाच्याही आधी उभा राहतो. मंडळी गरीब. कापणीच्या सणाला ज्वारीची पायली, तुरीची पिशवी, एखादी कोंबडी येते आणि तिथेच लिलाव होतो. बायका रोज पिठात हात घालण्याआधी एक मूठ बाजूला काढून ठेवतात. पाळकीणबाईंचा प्रपंच अशा मुठींवर चालतो. या माणसाने आपलं दुखणं सांगायचं कुणाला? मंडळीला सांगितलं तर विश्वास कमी पडला म्हणतील, आणि घरी सांगायला घरालाच ते पुरेसं माहीत असतं.

वाशिमला मिशनच्या माणसांची जुनी सवय आहे. नाझरीन मिशनची माणसं 1898 साली बुलढाण्याकडे आली आणि पुढे त्यांचं काम वाशिमपर्यंत पसरलं. इथलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1938 सालचं. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी ते उभं केलं. त्याच सुमारास तिकडे यवतमाळला पाळक घडवणारी मराठी शाळा सुरू झाली, 1953 मध्ये तिचंच युनियन बिब्लिकल सेमिनरी झालं आणि 1983 मध्ये ती पुण्याला गेली. वऱ्हाडात रुजलेलं पुण्याला जाण्याची रीत जुनीच आहे, त्याबद्दल पाळकांना वेगळं दुःख नसावं.

परिषदेचा मांडव सकाळी मोठ्या आवाजाने भरतो. कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर सरकणाऱ्या ओळी. पाहुणे वक्ते दूरच्या शहरातले किंवा परदेशातले. शेजारी दुभाषी, कपाळ पुसत धावणारा. विषय मंडळीच्या वाढीचा. किती होते, किती झाले, पुढच्या वर्षी किती. वीस-पंचवीस घरांचा पाळक हे आकडे वहीत उतरवून घेतो आणि मान खाली घालतो. मला हा भाग आवडला नाही. वाढ मोजायला हरकत नसावी. पण कुणी चारशे म्हणतो, कुणी हजार म्हणतो, तेव्हा पंचवीसवाला आपल्याच माणसांची मनातल्या मनात लाज धरू लागतो, आणि हे काही संदेशाचं फळ नव्हे.

मांडव बदलतो तो दुपारी. कीबोर्ड बंद पडतं, कुणीतरी पेटी ओढतं, तबल्यावर थाप पडते आणि टिळकांचं पद सुरू होतं. शब्द पडद्यावर लागत नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची शंभरावर पदं मराठी मंडळ्यांच्या तोंडी आहेत. चाल अभंगाची, ओवीची, घरातली. त्या टिळकांनी 1917 साली मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. परक्या पैशाच्या आणि परक्या पद्धतीच्या आधाराशिवाय ख्रिस्ताभोवती माणसं जमावीत, ही त्यांची ओढ होती. दोन वर्षांत ते गेले. दरबार फार वाढला नाही, पदं मात्र आसेगावपर्यंत पोचली.

याच ओढीची आणखी एक गोष्ट 1910 सालची. एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. बाराशेच्या घरात प्रतिनिधी, त्यांत आशियातले मोजून वीसही नाहीत. त्यातल्या तमिळ व्ही. एस. अझरय्यांनी उभं राहून सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलंत, कष्ट केलेत, देह झिजवलेत. आता मैत्री द्या. सभेला ते झोंबलं. दोन वर्षांनी हेच अझरय्या दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय.

शंभर वर्षं उलटली तरी त्या मागणीची कसोटी मला जेवणाच्या वेळीच लागते असं वाटतं. पाहुण्यांचं टेबल पडद्याआड, त्यावर बाटलीबंद पाणी; पाळकांची पंगत उन्हात. मी गेलो तिथेही पहिल्या दिवशी असंच होतं. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर पाहुणे ताट घेऊन सरळ रांगेत आले आणि सतरंजीवर बसले. वरणात पोळी कुस्करताना त्यांची फजिती झाली, शेजारच्याने हाताने दाखवलं, हशा पिकला. मग बोलणं सुरू झालं. कुणी मुलीच्या नर्सिंगच्या फीचं बोललं, कुणी बायकोच्या साखरेचं, कुणी मंडळीतल्या फुटीचं. आमच्या पास्टरसाहेबांनी पंचवीस घरांची गोष्ट सांगितली, तीही मान वर करून. एवढ्यात घंटा झाली. अर्धा तास संपला होता आणि वाढीवरचं पुढचं सत्र उभं होतं. अर्ध्या ताटावरून माणसं उठली.

परिषदा भरवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. वक्ते दोन कमी बोलवा, पडद्याआडचं टेबल काढा, आणि दुपारच्या जेवणाची सुटी निदान दोन तासांची ठेवा.